जडसंग्रहात नोंद नसलेल्या चोवीस वह्या

प्रति,
माननीय विश्वस्त मंडळ,
आमची शाळा, लालबाग, मुंबई

स. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावाने आहे, पण लिहितोय सगळ्यांनी वाचावं म्हणून. बंद पाकिटातली तीन पत्रं आधी देऊन झाली. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्याची पोच मागितली तेव्हा "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढंच कळलं. तिसरं वॉचमन मामांकडे दिलं, ते अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. मागच्या आठवड्यात माझं मलाच ते वाचता आलं.

मी १९८४ च्या दहावीचा, तुकडी 'क'. वडील गिरणीत साच्यावर होते. मी बेस्टमध्ये बस चालवतो, पुढच्या वर्षी रिटायर होईन. शाळेने मला काय दिलं वगैरे भाषण करणार नाही, तसली भाषणं तुम्ही स्नेहसंमेलनात पुष्कळ ऐकली असतील. माझं काम जिन्याखालच्या कपाटाशी आहे.

त्या कपाटात सुतळीने बांधलेल्या चोवीस वह्या आहेत. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या, लालबागच्या कुठल्याही वाण्याकडे उधारीसाठी असायच्या तशा. जून १९६९ ते मे १९९३, प्रत्येक शालेय वर्षाची एक. पंचविसावी वही वेगळी, सहलींची. इमारत पाडायच्या आधी 'जुने साहित्य निर्लेखित' करायची, म्हणजे मोडीत काढायची, जी यादी तुम्ही नोटीस बोर्डावर लावली, तिच्यात या वह्या 'इतर रद्दी, अंदाजे वजनावर' या ओळीत गेल्या आहेत. मी ऑफिसात विचारलं, या रद्दी कशा? उत्तर मिळालं, जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, त्यांची नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे त्या शाळेच्या मालकीच्या नाहीत. शाळेच्या नाहीत, म्हणजे जपायची जबाबदारी नाही. मग मी म्हटलं, शाळेच्या नाहीत तर विकताय कशा? त्यावर पुन्हा साहेब मीटिंगमध्ये गेले.

नोंद नाही याचं कारण साधं आहे. भूगोलाच्या सरांनी त्या स्वतःच्या पगारातून आणल्या होत्या.

आता त्या वह्यांमध्ये काय आहे ते सांगतो, कारण मंडळावरच्या नव्या लोकांनी त्या उघडल्या असतील असं वाटत नाही. मागच्या मैदानात, पाण्याच्या टाकीशेजारी, चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असायची. चारी बाजूंना झडपा, खिडकीला असतात तशा, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. दार उत्तरेला. आत इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली कमाल-किमान तापमापी. पारा वर सरकला की पुढची बारीक लोखंडी काडी ढकलतो आणि मागे फिरताना तिला तिथेच सोडून देतो. रात्री तीन वाजता किती थंडी पडली ते सकाळी साडेसातला वाचता येतं, तीनला कोणी जागं राहायला नको. वाचून झालं की लोहचुंबकाने काडी पुन्हा पाऱ्यावर आणून टेकवायची. ते चुंबक सर शर्टाच्या खिशात ठेवायचे, पांढऱ्या दोऱ्याला बांधून.

दर आठवड्याला एक मुलगा किंवा मुलगी नोंदकरी. तारीख, किमान, कमाल, वारा, आकाश, आणि शेवटचा रकाना शेरा. या शेऱ्यात चिमण्या मोजायच्या. गिरण्यांच्या चिमण्या, पाखरं नव्हेत. टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं की निरभ्र सकाळी सात दिसत. हिवाळ्यात धुकं आणि धूर असला की पाच, तीन, कधी एकच. "चि. ३, भोंगा ऐकू आला" असे शेरे पानांमागून पानं भरले आहेत. सर म्हणायचे, विमानतळावर पण किती लांबचं दिसतंय ते असंच, ठरलेल्या खुणा बघून सांगतात, आपल्या खुणा चिमण्या. तेव्हा आम्हाला तो खेळ वाटायचा. आज त्यातली एखाद-दुसरी चिमणी उरली आहे, ती पण टॉवरच्या फाटकात शोभेला.

तुमच्यापैकी एक सन्माननीय सदस्य म्हणाले, असल्या नोंदी वेधशाळेकडे असतातच, पोरांच्या वह्या कशाला. त्यांना मी नम्रपणे एक सांगतो. मुंबईतली आजवरची सगळ्यात कडक थंडी २२ जानेवारी १९६२ ची. सांताक्रूझला त्या दिवशी किमान तापमान ७.४ अंश होतं. त्याच दिवशी कुलाब्याला होतं ११.७. एका शहरात एकाच पहाटे चार अंशांपेक्षा जास्त फरक. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, तो रात्री उबारा देतो. सांताक्रूझ त्या मानाने आत, जमिनीच्या बाजूला. मग लालबागला त्या दिवशी किती होतं? ते कोणीच सांगू शकत नाही, कारण तेव्हा आपली पेटी नव्हती. पण त्यानंतरच्या चोवीस वर्षांचं सांगता येतं, आणि ते फक्त तुमच्या जिन्याखाली आहे. गिरण्या चालू असतानाचं लालबाग, संपातलं लालबाग, संपानंतरचं लालबाग, रोज सकाळी साडेसातला. आणि शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी सर स्वतः यायचे, काळाचौकीहून चालत.

वेधशाळेचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचंही मोजमाप चाले. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा त्या विजेने चुंबकसूया बिघडणार हे उघड होतं. ट्राम तर थांबवता येत नव्हती. मग १९०४ साली तेवढा भाग अलिबागला नेला. पण नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख, त्यांनी कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना जोडता यावी. विजेची ट्राम आली १९०७ ला. इयत्ता नववीत सरांनी आम्हाला सहलीला अलिबागला नेलं ते हे दाखवायला. आम्हाला समुद्रात उतरायचं होतं, आणि सर त्या दगडी इमारतीसमोर उभे राहून सांगत होते की यात लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. पुनर्विकास तेव्हाही झाला, मंडळी. फक्त त्यात कोणी वह्या किलोवर काढल्या नाहीत.

आता माझं स्वतःचं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण वर्गातल्या मुलींनी सांगितलं लिही.

१८ जानेवारी १९८२, सोमवार. मी आठवीत, त्या आठवड्याचा नोंदकरी मी. गिरण्यांचा संप त्या दिवशी सुरू झाला. घरी वडील अंगणात, म्हणजे चाळीच्या गॅलरीत, मफलर गुंडाळून बसले होते. पहिल्या पाळीच्या वेळेला घरात बसलेले मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. मी शाळेत गेलो, पेटी उघडली, आकडा लिहिला. चिमण्या मोजल्या. बहुतेक सगळ्या दिसत होत्या, कारण धूरच नव्हता. शेऱ्यात काय लिहिलं ते मला नक्की आठवत नाही. मला वाटतं मी "भोंगा झाला नाही" असं लिहिलं. आमची एक वर्गमैत्रीण म्हणते की नाही, तू "भोंगा नाही" एवढंच लिहिलं होतंस आणि सरांनी शेजारी शाईने टिकमार्क केली होती. ही बाई पुढे नर्स झाली, तीस वर्षं पेशंटचे तापाचे तक्ते भरले, सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. तिच्या आठवणीवर माझा विश्वास आहे, पण मला ते पान बघायचं आहे. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सकाळचं त्यांच्याबद्दल माझ्याकडे बाकी काही नाही, एक तो आकडा आणि तो शेरा.

सहल त्याच शनिवारी ठरलेली होती, दोन दिवस महाबळेश्वर, प्रासंगिक करारावरची, म्हणजे अख्खी भाड्याने घेतलेली एस.टी. बुधवारपर्यंत अर्ध्याहून जास्त पोरांनी नावं काढून घेतली. माझं पण काढलं. शुक्रवारी सर वर्गात आले आणि म्हणाले, महाबळेश्वर रद्द, खंडाळा नक्की, पैसे कोणी आणायचे नाहीत, उद्या पहाटे पाचला गेटवर या, जुनं पोतं असलं तर आणा. पोतं कशाला ते पहाटे कळलं. भायखळ्याच्या मार्केटात भाजी उतरवून घाटावर रिकामा परत जाणारा ट्रक सरांनी ठरवला होता. आम्ही बावीस जण मागे. खाली कोबीचा पाला, कोथिंबिरीचा वास, आणि वर उघडं आकाश. वाशीच्या पुलावर खाडीवरून असा वारा आला की कोणी बोलेना. परळच्या फुटपाथवर तिबेटी बायका स्वेटर विकायला बसायच्या, त्यांच्याकडचा स्वेटर आमच्यात एकाच्याच अंगावर होता, आणि त्याने तो वाशी ते पनवेल, पनवेल ते खोपोली असा वाटून दिला. दर टप्प्याला दुसऱ्याच्या अंगात. आज तो गिऱ्हाइकांना विमा विकतो आणि अजून म्हणतो की तो माझा पहिला हप्ता.

खोपोलीला ट्रक थांबला. सरांनी थैलीतून साधी तापमापी काढली, आकडा वहीत. मग घाट. शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हरने नाणं टाकलं. या धनगराने इंग्रजांना घाटातून वाट दाखवली आणि बदल्यात जीव गमावला अशी कथा सांगतात, म्हणून गाडीवाले अजून त्याला मान देतात. मी पण देतो. वर खंडाळ्याला पुन्हा आकडा. पुस्तकात होतं, हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी. खंडाळा खोपोलीपेक्षा पाचशे मीटर तरी उंच, म्हणजे तीनेक अंश पारा उतरायला हवा. उतरलाच नाही, उलट थोडा चढला. पोरं ओरडली, पुस्तक खोटं! सर हसले. म्हणाले, पुस्तक दुपारचं बोलतंय, आपण पहाटे आलोय. रात्रभर जमीन गार होते, तिला लागलेली हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन दरीत साठते. खोपोली त्या थंडीच्या तळाशी आहे आणि आपण तिच्यावर येऊन उभे आहोत. खाली बघा. खाली खोपोलीवर धुकं आणि चुलींचा धूर एकत्र होऊन पांढरी गोधडी पसरल्यासारखा आडवा पडला होता. वर जाऊच शकत नव्हता.

हे मी चाळीस वर्षं विसरलो नाही त्याचं एक कारण माझी पहिली पाळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे डेपोतून गाडी काढतो तेव्हा समोर तीच गोधडी असते, आता लालबाग-परळवर. तेच विज्ञान, फक्त चुलींच्या जागी बांधकामाची धूळ आणि आमच्यासारख्यांच्या गाड्यांचा धूर. दोनशेच्या वर हवेचा निर्देशांक गेला की 'वाईट' म्हणतात, हे आता शाळेतलं पोर पण मोबाईलवर बघून सांगतं. आमच्या वेळी ते चिमण्या मोजून सांगायचं, एवढाच फरक. पण १९८० सालचा हिवाळा आणि आजचा हिवाळा, लालबागच्या एकाच कट्ट्यावरून किती दिसत होतं आणि किती दिसतं, हे शेजारी शेजारी ठेवायचं तर एक बाजू कुठून आणणार?

त्या ट्रकपासून पहाटे पाचचं गेट सुरू झालं. दहावी झाली, पांगलो. गिरण्या बंद पडल्या, चाळी विकल्या गेल्या, कोण विरारला, कोण डोंबिवलीला, दोघं बदलापूरला, एक पार वांगणीला. पण दर वर्षी जानेवारीच्या एका शनिवारी पहाटे पाचला आम्ही शाळेच्या गेटवर जमतो आणि रस्त्याला लागतो. लांबचे आदल्या रात्रीच येऊन ज्याची खोली इथे उरली आहे त्याच्याकडे वळकटी टाकतात. आधी भाड्याच्या मॅटाडोर, मग एकाची जुनी प्रीमियर पद्मिनी, जी बोरघाटात हटकून तापायची आणि बॉनेट उघडून आम्ही तिच्याभोवती हात शेकायचो. काचेवर धुकं धरलं की बिडीतली तंबाखू चोळायची, ही विद्या मी तिच्यावरच शिकलो. मग सुमो, मग इनोव्हा. २००२ साली एक्सप्रेसवे पूर्ण झाल्यावर घाट पटकन संपायला लागला आणि गप्पा अर्ध्या राहायला लागल्या, म्हणून आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने, शिंगरोबावरून जातो. आता शिवडीहून अटल सेतूवर चढलं की वीस मिनिटांत पलीकडे. वाशीच्या पुलावरचा वारा कोणाला आठवत नाही असं होईल, म्हणून तो मी इथे लिहून ठेवला.

आणि या गप्पांमध्ये भांडणं काय होतात ते विचारू नका. निफाडला दहावीच्या सहलीत द्राक्षबागेत पहाटे शेतकरी धूर करत होते, वेलींना थंडी बाधू नये म्हणून, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे एक म्हणतो बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ होता. दुसरा म्हणतो बर्फ कसला, तुझा चष्मा फुटला होता. कसाऱ्यात एस.टी. बंद पडली ती जाताना की येताना? रात्र तिथेच काढली की तीन तास? किमान पाच जण शपथेवर सांगतात की गाडी चढावर आपण ढकलली. मी ड्रायव्हर माणूस, माझं म्हणणं असं की चाळीस पोरांनी भरलेली एस.टी. कसाऱ्याच्या चढावर ढकलली जात नाही, ड्रायव्हर मामांनी कुणाच्या तरी मदतीने चालू केली आणि तुम्ही शेकोटीभोवती भुईमुगाच्या शेंगा खात होतात. पण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा आहे पंचविसाव्या वहीत. सर सहलीत दर दोन तासांनी ठिकाण, वेळ, तापमान आणि एक ओळ लिहायचे. आमच्यातले दोघं आता नाहीत, सर पण नाहीत. कोणाला विचारायचं ते माणूस दर वर्षी एकेक कमी होतंय, वही आहे तोवर बरं.

चूक आमचीही आहे, ती लपवत नाही. इतकी वर्षं आम्ही त्याच गेटवर चहा पीत उभे राहिलो, आणि आत जाऊन त्या वह्या कुठे आहेत हे कोणी विचारलं नाही. १९९३ ला सर निवृत्त झाल्यावर पेटीचं काय झालं याची पण चौकशी केली नाही. तापमापी कधी फुटली, पेटीला वाळवी कधी लागली, आम्हाला माहीत नाही. आज पेटीचे चार पायच उरलेत, त्यावर कुंडी ठेवली आहे. तुम्हाला जाब विचारताना हे मनात आहे.

आणि इमारत पाडू नका असंही आमचं म्हणणं नाही. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे तुकडे पडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. मराठी माध्यमाचे वर्ग पटसंख्येअभावी बंद केलेत, त्यावर आमच्यात वाद आहेत, काहींची स्वतःची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत, म्हणून त्यावर मी इथे बोलत नाही.

तक्रारी तेवढ्या नीट मांडतो.

वह्या रद्दीच्या यादीत टाकताना तुम्ही कोणाला विचारलं नाही. सरांच्या घरच्यांना नाही, माजी शिक्षकांना नाही, आम्हाला नाही. यादी लावली ती पण दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा नोटीस बोर्डासमोर मांजर सुद्धा नसतं.

आम्ही लेखी विचारलं, तुम्ही लेखी उत्तर दिलं नाही. नकार दिला असतात तरी चाललं असतं. नकाराला उत्तर देता येतं.

तिसरी गोष्ट गेटची. नवीन नोटीस आहे की 'माजी विद्यार्थ्यांनी सकाळी सातच्या आत प्रवेशद्वाराजवळ जमू नये, वाहने उभी करू नयेत. मेळाव्यासाठी सभागृह सशुल्क उपलब्ध'. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने पहाटे गाडीत मोठ्याने गाणी लावली आणि वॉचमन मामांना बोलणी खावी लागली. ती आमची चूक, त्यांची माफी मागून झाली, पेढे पण दिले. पण आम्हाला सभागृह नको आहे. आम्हाला अर्धा तास फुटपाथ आणि गेटवरचा दिवा पाहिजे. कोण आलं, कोण राहिलं हे मोजून आम्ही निघून जातो. सभागृहात एसी आहे म्हणे. जानेवारीत!

आणि एक बारीक गोष्ट, पण मला लागली. ऑफिसात मी वह्यांबद्दल विचारत असताना एक तरुण गृहस्थ म्हणाले, "काका, सेंटिमेंटल व्हॅल्यू समजू शकतो." समजू नका, साहेब. सेंटिमेंट आमचं आम्ही घरी घेऊन जाऊ. त्या वहीतला आकडा हा आकडा आहे, तो माझ्यासाठी जितका आहे तितकाच हवामानाचा अभ्यास करणाऱ्या परक्या पोरासाठी आहे.

मागण्या अशा.

चोवीस वह्या आणि सहलीची वही रद्दीच्या यादीतून आजच काढा, आणि आमच्या दोन जणांसमोर मोजून कुलपात ठेवा. पावसाळ्यात जिन्याखाली ओल येते, तेव्हा कुलूप वरच्या मजल्यावरच्या कपाटाचं असावं.

शाळेला त्या ठेवायच्या असतील तर आनंद आहे, जडसंग्रहात रीतसर नोंद करा, 'भूगोल शिक्षकांकडून भेट' असं लिहून. ठेवायच्या नसतील तर आमच्याकडे सही घेऊन सोपवा. दोन्ही परिस्थितीत प्रत्येक पानाचा फोटो काढायची परवानगी द्या. पान पान पुसून, फोटो काढून, आकडे टाईप करायचं काम आम्ही करू. नर्सबाई रिटायर आहेत, विमावाल्याकडे चांगला कॅमेरा आहे, माझ्या मुलीला एक्सेल येतं. तुमचा एक रुपया लागणार नाही. झालेलं काम ज्याला अभ्यासाला पाहिजे त्याला फुकट मिळेल, शाळेच्या नावासकट.

नव्या इमारतीच्या नकाशात एक पेटी बसवा. गच्चीवर नको, सिमेंट तापतं आणि आकडा फसवा येतो. जमिनीवर, मातीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दार उत्तरेला. पेटी आणि तापमापी आम्ही आणून देऊ, पाऱ्याची नाही, आता मिळते ती. नोंद इंग्रजी माध्यमातल्या पोरांनी इंग्रजीत केली तरी हरकत नाही. चिमण्यांऐवजी कोणते टॉवर मोजायचे ते आम्ही एका सकाळी येऊन ठरवून देतो.

जानेवारीतला एक शनिवार, पहाटे पावणेपाच ते सव्वापाच, गेटबाहेर उभं राहायची मोकळीक द्या. गाणी लावणार नाही.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्या, संक्रांतीच्या आत. नाही द्यायचं असेल तर 'नाही' एवढं तरी लिहा.

या वर्षीचा बेत बोरघाट, कार्ले आणि परत असा आहे. साध्या तापमाप्या दोन घेतल्या आहेत, एक खोपोलीला वाचायची, एक खंडाळ्याला. १९८२ च्या आकड्यांशी ताडून बघायचा विचार आहे, ते आकडे कपाटातून बाहेर आले तर. आम्ही पाचला गेटवर असूच, नोटीस असली तरी. वॉचमन मामांनी आम्हाला हटकलं तर त्यांना बोल लावू नका, ते त्यांचं काम करतील आणि आम्ही पलीकडच्या फुटपाथवर जाऊ.

आपला विश्वासू,
दहावी 'क', १९८४
(वहीत १८ ते २२ जानेवारी १९८२ चा नोंदकरी)

ता. क. : एक कबुली राहिली. पेटीचं लोहचुंबक, पांढऱ्या दोऱ्याचं, माझ्याकडे आहे. निरोपसमारंभाच्या आठवड्यात नोंद माझ्याकडे होती आणि ते खिशातच राहिलं. सरांनी नंतर दुसरं आणलं असणार, मला कधी विचारलं नाही. नवी पेटी बसली की आणून देतो. दोरा बदलावा लागेल.